‘हँड’ आणि ‘हस्त’ : एका मानलेल्या नात्याची तपासणी

इंग्रजी ‘हँड’, जर्मन ‘हान्ट’ आणि आपला ‘हस्त’ हे एकाच मुळातून आले, असे विधान आपल्याकडच्या हौशी भाषालेखनात मी वारंवार वाचत आलो आहे. मीही हौशीच, पण हे विधान मला मान्य नाही. कानाला ते पटते, ध्वनिनियमाला पटत नाही.

याकोब ग्रिमने १८२२ साली मांडलेल्या नियमानुसार जर्मानिक शब्दाच्या आरंभीचा ‘ह’ मूळच्या ‘क’पासून येतो. लॅटिन ‘केन्टुम’, इंग्रजी ‘हंड्रेड’. संस्कृतात तिथे ‘शतम्’, म्हणजे ‘श’. ‘हस्त’मधला ‘ह’ मात्र मूळच्या तालव्य ‘घ’चा आहे आणि त्या ‘घ’चा जर्मानिकमध्ये ‘ग’ होतो. आपला ‘हंस’ जर्मनमध्ये ‘गान्स’ आहे, तो यामुळेच. ‘हस्त’चे भावंड तिकडे असतेच, तर ते ‘ग’ने सुरू झाले असते. त्याचे खरे सगेसोयरे म्हणजे ग्रीक ‘खेइर’ आणि हित्ती ‘केस्सर’.

मग ‘हृदय’ आणि ‘हार्ट’चे काय, असे कोणी विचारील. ते नाते खरे आहे. पण तिथे वाट सोडली आहे ती आपल्या बाजूने. ग्रीक ‘कार्दिआ’ पाहता संस्कृतात ‘श’ यायला हवा होता, आला ‘ह’. अवेस्तातही तीच विसंगती दिसते, म्हणजे ती भारत-इराणी काळाइतकी जुनी आहे. ‘हस्त’ला ही सवलत देता येत नाही, कारण ग्रीक ‘खेइर’ आडवा येतो.

‘हँड’ आला कुठून? चौथ्या शतकात वुल्फिलाने केलेल्या बायबलच्या गॉथिक अनुवादात ‘हंडुस’ आहे आणि ‘फ्राहिंथान’, म्हणजे कैद करणे, हे क्रियापदही आहे. त्यावरून हात म्हणजे ‘पकडणारा’ अशी व्युत्पत्ती सुचवली जाते. ‘थ’ आणि ‘ड’मधला फरक कार्ल व्हेर्नरच्या १८७७च्या नियमात बसतो. अडचण एवढीच की, या धातूला जर्मानिकबाहेर भक्कम नातलग नाहीत. म्हणून काहीजण हा शब्द जर्मानिकपूर्व स्थानिक भाषेतून उसना घेतलेला मानतात. मला ते घाईचे वाटते. नातलग न सापडणे हा परकेपणाचा पुरावा कसा?

कामावरून हाताला नाव पडणे तर नित्याचेच. लिथुएनियन ‘रांका’ (हात) हा ‘रिंक्ती’ (गोळा करणे) या क्रियापदाचा सोयरा आहे. आणि आपल्याकडे ‘कृ’ धातूचा ‘कर’ आहेच.