जत्रेतील साक्ष
जपानच्या ‘स्क्वेअर’ कंपनीने १९९५ साली काढलेल्या ‘क्रोनो ट्रिगर’ या व्हिडिओ-खेळाची मोहिनी मंत्रविद्येत वा कालप्रवासात आहे, असे म्हणतात. आम्हांस ती त्यातील जत्रेत दिसते. तेथे खेळणारा कुणा वृद्धाची शिदोरी सहज खाऊन टाकतो. धक्क्याने पडलेल्या मुलीची विचारपूस करण्याआधी तिचे पदक उचलतो. पुढे नायकावर राजकन्येच्या अपहरणाचा खटला उभा राहतो आणि ही विसरलेली कृत्ये पुराव्यात येतात. ज्यूरीने निर्दोष ठरविले तरी तुरुंग चुकत नाही. मग त्या साक्षीचे मोल काय? मोल हेच, की कुणी पाहत नाही अशा समजुतीने केलेले वर्तनही त्या जगाने पाहिलेले असते. असे जग कल्पित असूनही खरे वाटते. खरी जादू ती हीच.