तबकडी आणि तिचे गाव

नांदेडला चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत गाणे आधी छातीला कळते, मग कानाला. गाडीवर रचलेल्या स्पीकरांच्या भिंतीतून खर्जाचा ठोका बाहेर पडतो, त्यावर एखादे जुने भीमगीत नव्या साजात वाजत असते, आणि माणसांचा लोंढा त्याच्या लयीत पुढे सरकत असतो. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे ही नावे लहान पोरांनाही पाठ असतात. पण मध्येच एखादा अनोळखी, थोडा फाटलेला, तालुक्याच्या गायन पार्टीतला आवाज येऊन जातो. तो कुणाचा, हे सांगणारा माणूस त्या गर्दीत सहसा भेटत नाही. गाणे सर्वांचे झाले आणि गाणारा हरवला.

हे आठवण्याचे कारण असे की, ‘आझादी रेकॉर्ड्स’ या दिल्लीच्या छोट्या, स्वतंत्र संस्थेचे तीन संग्रह ऐकताना मनात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला. ही संस्था २०१७ साली निघाली. तिचे गायक रॅप करतात; म्हणजे सुरात गाण्यापेक्षा ठेक्यावर बोलतात. त्यांच्या कलाकृतीला ‘तबकडी’ म्हणणे हा केवळ जुन्या सवयीचा भाग. प्रत्यक्षात ती मोबाइलवरच ऐकली जाते.

या संगीताची वंशावळ नीट लावली पाहिजे. एरवी ते अमेरिकन फॅशनची नक्कल म्हणून निकालात निघते. रॅपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीतला हे खरेच. परंतु छोट्या संस्थेने स्वतःच तबकडी काढण्याची जिद्द पंक रॉकने शिकवली. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या मंडळींनी पाचशे पौंड उसने घेऊन आपली पहिली तबकडी स्वतःच काढली. १९८० साली वॉशिंग्टनच्या ‘टीन आयडल्स’ या पोरसवदा बँडने कार्यक्रमांतून साठवलेल्या पैशांतून एक हजार तबकड्या छापून घेतल्या. त्यांची वेष्टने मित्रांनी हाताने कापून चिकटवली. विशेष हे की, तबकडी हाती आली तेव्हा तो बँड मोडलाही होता. बाजारासाठी हा उद्योग नव्हताच. आपण होतो, असे वाजवत होतो, याची नोंद राहावी एवढीच इच्छा होती. त्यातून ‘डिस्कॉर्ड’ ही संस्था उभी राहिली आणि तिने एक नेम पाळला: आपल्याच शहरातले संगीत छापायचे.

आपल्याकडे मुंबईत रॉक आणि पंक वाजवणारे बँड झाले, आजही आहेत. परंतु त्यांचे गाणे बहुतांशी इंग्रजीत राहिले. शिवाय गिटार, ड्रम आणि तालमीची खोली ज्याला परवडते त्यालाच ते साधते. रॅपला एक मोबाइल आणि पाठांतर पुरते. म्हणून पंकने जे काम इंग्लंडात केले ते आपल्याकडे रॅपच्या वाट्याला आले, असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष संग्रहांकडे वळू. पहिला प्रभदीपचा ‘क्लास-सिख’ (२०१७). नावातच श्लेष आहे. पश्चिम दिल्लीतल्या टिळकनगरचा हा तरुण पंजाबीत बोलतो. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारातून वाचलेली कुटुंबे ज्या भागात येऊन वसली, तो हा भाग. नांदेडच्या श्रोत्याला ही भाषा सर्वस्वी परकी नाही. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात ती रोज कानावर पडते. तेथे ती कीर्तनाची भाषा असते, येथे ती गल्लीतल्या रागाची, नशेत वाया गेलेल्या मित्रांची होते. प्रभदीपचे सामर्थ्य असे की, तो कुठेही वकिली करीत नाही. श्रोत्याला आपली व्यथा समजावून सांगण्याची त्याला गरजच भासत नाही, कारण तो आपल्या गल्लीशी बोलत आहे. बाहेरच्याने कान देऊन ऐकावे, एवढेच.

दुसरा संग्रह श्रीनगरच्या अहमेरचा ‘लिटल किड, बिग ड्रीम्स’ (२०१९). काश्मिरी आणि उर्दू यांच्या मिश्रणातून तो आपले बालपण उलगडतो. त्याच वर्षी पाच ऑगस्टपासून काश्मीरमधील इंटरनेट बंद झाले आणि ज्या शहराला उद्देशून हा आवाज उठला त्या शहरालाच तो कित्येक महिने ऐकता येईना. मोबाइलवरची तबकडी किती परावलंबी असते याचे यापेक्षा विदारक उदाहरण कोणते द्यावे? कॅसेट निदान कुणाच्या तरी फडताळात राहिली असती.

तिसरा संग्रह ‘स्वदेसी’ या मुंबईच्या समूहाचा ‘चेतावणी’ (२०२०). मराठी वाचकाला तो जवळचा वाटावा, कारण अनेक भाषा बोलणाऱ्या या समूहात एमसी मवाली मराठीत रॅप करतो. तरीही तिन्हींपैकी हाच मला विषम वाटला. समूहाचा आवेश खरा आहे, पण इशारा सगळ्यांनाच द्यायचा म्हटले की तो कुणालाच नीट लागत नाही. सत्ता, व्यवस्था, जनता हे शब्द फार मोठे. त्यांच्यावर ठेका सहज बसतो, अनुभव बसत नाही. याच समूहाचे आधीचे ‘वारली रिव्होल्ट’ (२०१९) शेजारी ठेवले की फरक ध्यानात येतो. त्यात आरे जंगलातले वारली कलावंत प्रकाश भोईर स्वतः गातात. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी जेथे झाडे तोडायला सुरुवात झाली, तेच हे जंगल. भोईरांचा आवाज सजावटीसाठी आलेला नाही. तरुणांचे रॅप त्याच्या आधाराने उभे राहते. इथे रागाला पत्ता आहे, आणि पत्ता मिळताच राग कविता होतो.

याचा अर्थ स्थानिक रंग भरावा असा नव्हे. प्रादेशिक कथांतून बोलीचे चार शब्द पेरण्याची हौस आपण पुरेशी पाहिली आहे. प्रश्न असा की, गाणारा कुणासमोर उभा राहून गातो, आणि ते ऐकणारे त्याला ‘हे खोटे आहे’ असे तोंडावर म्हणू शकतात की नाही. टिळकनगर प्रभदीपला तसे म्हणू शकते. आरेतला पाडा स्वदेसीला तसे म्हणू शकतो. ‘अखिल भारत’ कुणालाच तसे म्हणू शकत नाही.

संस्थेची मर्यादाही येथेच आहे. तिचे गायक आपापल्या गावाचे, संस्था मात्र कोणत्याच गावाची नाही. दिल्ली, श्रीनगर, मुंबई अशी ती चांगले आवाज वेचत जाते. हे वेचणे रसिकतेचे आहे. त्यातून उत्तम संग्रह निघतात, पण डिस्कॉर्डभोवती जशी ऐकणाऱ्यांची एक पंगत जमली तशी जमत नाही.

मराठवाड्यात परिस्थिती नेमकी उलटी आहे. येथे पंगत केव्हाची मांडलेली आहे. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशापासून ही परंपरा चालत आली आहे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव गात हिंडले. नामांतराच्या लढ्यात, १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचे नाव बदलेपर्यंत, गाणे सभेइतकेच कामी आले. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळीपुढे आणि लावणीच्या फडापुढे आजही माणसे दाटीने बसतात. लातूरच्या शिकवणी वर्गांसाठी खोल्या करून राहणारी खेड्यांतली मुले कानात तार घालून हेच रॅप ऐकतात, आणि त्यांतली काही वहीच्या मागच्या पानावर ओळीही जुळवीत असतील. ऐकणारे आहेत, गाणारे आहेत. नाव टिपून ठेवणारा हात तेवढा अपुरा पडतो. कॅसेटच्या काळात गाणी नकलांवर नकला होऊन पसरली, पुढे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात भरून मिळू लागली. प्रसार झाला, पण प्रत्येक नकलेबरोबर गाणाऱ्याचे नाव थोडे थोडे झिजत गेले.

‘स्वदेसी’तला एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी वारला. त्याचा आवाज आज नावानिशी ऐकता येतो, कारण कुणीतरी तो वेळेवर मुद्रित केला आणि त्याच्यापुढे त्याचे नाव लिहिले. छोट्या संस्थेचे थोरपण मला एवढ्यातच दिसते. तिच्या संग्रहांत सारेच उत्तम नसते, पुष्कळसे कच्चेही असते. ‘टीन आयडल्स’ची तबकडीही कच्चीच होती. पण ती कुणाची, कुठली आणि कोणत्या साली निघाली, हे आज कुणालाही सांगता येते. मिरवणुकीत मध्येच आलेल्या त्या फाटक्या आवाजाविषयी आपल्याला एवढेही सांगता येऊ नये, ही गोष्ट संगीताच्या टीकाकारालाच नव्हे, त्या मिरवणुकीत चालणाऱ्या प्रत्येकाला बोचावयास हवी.