विकिडेटा व प्रश्न मांडण्याची सोय : एक परीक्षण

इ. स. २०१२ त सुरू झालेल्या विकिडेटा या सार्वजनिक ज्ञानसंग्रहांत प्रत्येक गोष्ट वस्तु, गुणधर्म व मूल्य अशा तीन पदांनीं नोंदिली जाते. हीं कोट्यवधि वाक्यें परस्परांशीं जोडलेलीं असल्यानें पोथीवरून तिच्या लेखकाकडे व लेखकावरून त्याच्या गांवाकडे जातां येतें. मात्र विचारणाऱ्यास २००८ सालीं मान्यता पावलेली ‘स्पार्कल’ ही प्रश्नभाषा यावी लागते, आणि तींत ‘हस्तलिखित’ या शब्दाऐवजीं क्यू ८७१६७ हा संकेतांक लिहावा लागतो. ही अडचण दूर करूं पाहणाऱ्या ‘क्वेरी बिल्डर’ या साधनाचा येथें विचार कर्तव्य आहे.

त्यांत रकान्यांतून गुणधर्म व मूल्य निवडावें, ‘आणि’ किंवा ‘अथवा’ यांनीं अटी जोडाव्या, कीं प्रश्न आपोआप तयार होतो. संकेतांक शोधण्याचे श्रम वांचतात. शिवाय तयार झालेला प्रश्न उघडून वाचतां येतो. हा त्याचा सर्वांत मोठा गुण आम्ही समजतों.

दोष असा कीं, अनेक टप्प्यांचा प्रश्न त्यांत मांडतां येत नाहीं. ‘ज्यांचे लेखक पैठणास जन्मले त्या पोथ्या’ हा प्रश्न पोथीवरून लेखकाकडे व तेथून जन्मस्थानाकडे जातो. रकाने मात्र एकाच वस्तूविषयीं बोलतात. म्हणजे जोडलेल्या माहितीचें जें मुख्य फळ, तेंच हातीं लागत नाहीं.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. सचित्र हस्तलिखित हा हस्तलिखिताचा उपवर्ग होय. उपवर्ग धरण्याची सोय साधनांत आहे. पण ते धरले आहेत कीं नाहींत, हें उत्तराच्या यादीवरून कळत नाहीं. अपुरी यादी पुऱ्या यादीसारखीच दिसते. कालगणनेंतही असेंच घडतें. नोंदींत केवळ वर्ष असेल, तर साध्या प्रश्नाच्या उत्तरांत तें १ जानेवारी होऊन येतें. ज्यूलियन पद्धतीची पूर्ण तारीख नव्या पद्धतींत बदलून येते. राज्यारोहणाची ६ जून १६७४ ही तारीख अशा रीतीनें १६ जून होईल! एकेका तिथीसाठीं वाद घालणाऱ्या आमच्या वाचकांस याचें महत्त्व सांगणें नलगे.

मूळ कागद न दाखवितां काढलेला निष्कर्ष आपण ग्राह्य धरीत नाहीं. तोच दंडक येथेंही लावावा. साधनाच्या कर्त्यांनीं धरलेल्या व सोडलेल्या अटी उत्तराशेजारींच दाखवाव्या, आणि संशोधकांनीं उत्तराबरोबर मूळ प्रश्न व तो विचारल्याचा दिनांक छापावा. प्रश्न लिहिणें सोपें व्हावें हें इष्टच. तो वाचणें सोपें होणें त्याहून अगत्याचें आहे, असें आमचें मत आहे.