पिंपात नसलेला आंबा

पांढरकवड्यात बियरवर बोलायचं म्हटल्यावर पहिल्या रांगेतल्या ताईंच्या कपाळावर आठी पडली, ती आम्ही पाहिली. रास्तच आहे. शेजारच्या वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, आणि बाटलीनं घरं कशी बसतात हे तुम्हाला आम्ही काय सांगावं? प्या असं आमचं म्हणणं नाहीच. आमचा प्रश्न चवीचा आहे. त्याचं उत्तर आम्ही वर्षानुवर्षं वर्गात चुकीचं शिकवलं, म्हणून तो इथं मांडायचा.

कांटनं १७९०च्या ग्रंथात कॅनरी वाइनचं उदाहरण घेतलंय. ती सुखद आहे असं म्हणू नये, मला सुखद आहे असं म्हणावं. सौंदर्याबद्दल वाद घालता येतो, जिभेबद्दल नाही. आम्ही हे मान डोलावून शिकवलं. इकडे सुकवलेल्या मोहफुलाला कुबट वास आलाय हे कोलाम बाई हुंगून सांगते आणि तिचं कुणी खोडत नाही, हे मात्र आमच्या ध्यानात आलं नाही.

पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली आणि पुढं क्राफ्ट बियर तिथं चांगलीच रुजली. मुलाकडे गेलो असता त्यानं एका ठिकाणी आयपीएचा ग्लास पुढं केला. नाक नेलं आणि आम्ही म्हणालो, ‘आंबा घातलाय.’ शेजारच्या टेबलावरची अनोळखी मुलगीही तेच म्हणत होती. बनवणारा हसला. आत फक्त पाणी, माल्ट, यीस्ट आणि हॉप्स.

आता ह्यूम आठवा, १७५७चा निबंध. सांको पांझाच्या दोन नातलगांपैकी एकाला वाइनमध्ये चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामं केल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली निघते! आमचं पिंप रिकामं केलं तर आंबा निघणार नाही. मग आम्ही दोघंही चुकलो का?

नाही. हॉप ही गांजाच्या कुळातली वेल. तिच्या फुलातली पिवळी पूड उकळली की कडवटपणा उतरतो. आंबवण झाल्यावर थंडच भिजत घातली की सुगंध उतरतो. त्यात मायर्सिन असतं, तेच आंब्यातही असतं. आपला श्रीशंकुक चित्रातल्या घोड्याबद्दल बोलला होता, जो खरा नाही, खोटाही नाही. पण चित्रात घोड्याचा केसही नसतो. इथं आंब्याचा अंश आहे, आंबा नाही. शंकुक इथं अपुरा पडतो, बरं का.

उपयोगी पडतो तो पानकरस. वेलची, मिरं, गूळ एकत्र आले की सरबताची चव कुठल्याच एकाची उरत नाही. आमची कसोटी हीच. हल्ली पुष्कळ ठिकाणी कडवटपणा जवळजवळ काढूनच टाकतात आणि वर फळांचा घमघमाट सोडतात. ते आम्हाला खोक्यातल्या आमरसासारखं लागतं. कार्डावर आंबा, पेरू, संत्रं लिहिलेलं वाचून तेवढंच शोधत बसणं हीसुद्धा रसिकता नव्हे, हजेरी घेणं झालं. घोट गिळल्यावर कडू आणि फळ वेगळं करता येऊ नये.

दुसऱ्या खेपेला त्याच बियरला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. हवा लागून शिळी झाली की तसा येतो. मुलगा म्हणाला, ‘बाबा, सत्तरी उलटली, तुमचं नाक गेलंय.’ आम्ही वाद न घालता वाढणाऱ्या पोराला ग्लास हुंगायला दिला. त्यानं हुंगला, आमच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, ‘पुठ्ठा.’