यूबीई२टी विकर आणि कर्करोग : कार्यकारणभावाची चिकित्सा

प्रस्तावना :
पेशीतील नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिन या ७६ अमिनो आम्लांच्या लहान प्रथिनाची खूण केली जाते व नंतर त्यांचे विघटन होते. या शोधासाठी ॲरन चिचानोव्हर, अव्राम हर्श्को व अर्विन रोझ यांना २००४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ई-१ विकर युबिक्विटिनला सक्रिय करते, ई-२ हे संयोजक विकर ते स्वीकारते आणि ई-३ च्या साहाय्याने ते लक्ष्य प्रथिनास जोडले जाते. मानवातील सुमारे ४० ई-२ विकरांपैकी यूबीई२टी या विकराच्या रोगविषयक भूमिकेची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

विवेचन :
युबिक्विटिन म्हणजे विघटन, हे रूढ समीकरण येथे अपुरे पडते. यूबीई२टी हे एफएएनसीडी२ या प्रथिनास युबिक्विटिनचा एकच रेणू जोडते. त्यामुळे ते प्रथिन नष्ट न होता डीएनएभोवती घट्ट बसते आणि डीएनएच्या परस्परांत अडकलेल्या धाग्यांची दुरुस्ती सुरू होते. या विकराच्या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे फॅन्कोनी ॲनिमिया होतो, हे २०१५ मध्ये स्पष्ट झाले. रुग्णांच्या पेशींना निर्दोष जनुक पुरविताच दोष दूर झाला. येथे कार्यकारणभाव सिद्ध होतो.

कर्करोगासंबंधीच्या लेखनात मात्र ही शिस्त अनेकदा आढळत नाही. स्तन, फुप्फुस व यकृत यांच्या अर्बुदांत या विकराचे प्रमाण वाढलेले दिसते. त्यावरून ते रोगाचे कारण असल्याचे सुचविले जाते. परंतु विभाजन पावणाऱ्या पेशींत त्याचे प्रमाण एरवीही अधिक असते. साहजिकच ही वाढ रोगाचे कारण नसून परिणामही असू शकते. अर्बुदाची खूण आणि अर्बुदाचे कारण यांत फरक करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. यूबीई२टी रोखल्यास कर्कपेशी सिस्प्लॅटिनसारख्या औषधांना अधिक बळी पडतील, ही अपेक्षा रास्त आहे. तथापि फॅन्कोनी ॲनिमियाच्या रुग्णांत याच दुरुस्तीच्या अभावी अस्थिमज्जा निकामी होते व रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जे रोखून कर्करोग आवरावयाचा, त्याचाच अभाव कर्करोगास वाट करून देतो.

निष्कर्ष :
केवळ वाढलेल्या प्रमाणावरून औषधाचे लक्ष्य ठरविणे घाईचे आहे. विभाजनाचा वेग समान असलेल्या पेशींची तुलना आणि निष्क्रिय केलेल्या विकराचा प्रयोग, या दोन कसोट्यांवर उतरल्यानंतरच यूबीई२टी विकरास कर्करोगाचे कारण म्हणणे शास्त्रीय ठरेल.