आपलं किती, कादंबरीचं किती?

नवी कादंबरी वाचून झाली की आपण तिच्याबद्दल खरं मत देतो का, एवढाच आजचा प्रश्न आहे. आम्ही भोर-वेल्ह्याकडचे आठ-दहा वाचक महिन्यातून एकदा एकत्र बसतो. तिथल्या अनुभवावरून बोलतो. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण तोंडात अजून वेल्हेच येतं, तेवढं सांभाळून घ्या.

आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका नवख्या लेखकाची ऐतिहासिक कादंबरी आली. तोरणा, राजगड, रायरेश्वर, सगळं होतं. वाचताना लक्षात आलं की गडाखालच्या गावांत कुणी राहतच नाही. मावळे लढाईपुरते येतात आणि मरतात. त्यांच्या मागे खाचरात भात कोण लावतं, पावसाळ्यात घरात दाणा किती उरतो, काही नाही. प्रकाशनाला आम्ही सगळे गेलो आणि ‘छान आहे’ म्हणून घरी आलो. आपला माणूस, आपला गड, बोलायचं कसं? दोन वर्षांनी त्याचं दुसरं पुस्तक आलं, त्यातही तेच. मग आम्ही बोललो. तो म्हणाला, “हे पहिल्या वेळी का नाही सांगितलंत?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून आम्ही विचार करतोय की आमचं मत चुकतं कुठे. आम्हाला असं वाटतं की भोर-वेल्ह्याच्या वाचकाकडे दोन भावना आधीपासूनच तयार असतात. एक गडांचा अभिमान, दुसरी धरणांचं दुःख. भाटघरची भिंत 1920 च्या दशकात उभी राहिली आणि पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे गेलं. पुढे पानशेत, वरसगाव झालं, ते पाणी पुण्याला गेलं. पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा 1976 चा. म्हणजे त्याआधी जे उठले, त्यांच्यामागे असा कायदाही नव्हता. आजही उन्हाळ्यात भाटघरचं पाणी उतरलं की कांबऱ्याचं महादेवाचं देऊळ उघडं पडतं आणि माणसं बघायला जातात. अशा ठिकाणी लेखकाने नुसता ‘गड’ लिहिला तरी छाती फुगते, नुसतं ‘धरण’ लिहिलं तरी गळा भरतो. लेखकाला या दोन्ही गोष्टी फुकट मिळतात. खरं मत द्यायचं तर हे फुकटचं आधी वजा करायला हवं.

विश्वास पाटलांनी दोन्ही विषयांवर लिहिलंय. ‘झाडाझडती’ 1991 ची, ‘महासम्राट’चे खंड अगदी अलीकडचे. ‘महासम्राट’ वाचताना ओळखीचा डोंगर आला की आमच्या बैठकीत माणसं खूश व्हायची. पण ती खुशी बरीचशी आमचीच होती. महाराजांची कथा आम्हाला पाठ आहे, पुढे काय होणार ते ठाऊक आहे. तिथे लेखकाने आम्हाला ठाऊक नसलेलं माणूस दाखवायला हवं, आणि ते आम्हाला हवं तेवढं मिळालं नाही. ‘झाडाझडती’ची गोष्ट उलटी. तिथे खूश व्हायला काही नाही. नोटिसा, मोबदला, कचेरीतल्या फेऱ्या यांत गाव कसं विरघळतं, हे ती पायरीपायरीने दाखवते. कुठेकुठे माहितीचा भार माणसांवर पडतो, हेही आम्ही म्हणतो. तरी वजाबाकी करूनही बरंच उरतं.

आता कृष्णात खोतांची ‘रिंगाण’. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार हिला मिळाला. धरणामुळे गाव उठतं, जनावरं मागे राहतात, आणि देवाप्पा मागे राहिलेली म्हैस आणायला परत जातो. म्हैस आता रानटी झालेली असते. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी पानशेतच्या पाण्यातून उठलेल्या घरातले. ते म्हणाले, “आमच्या घरात मागे काय राहिलं हे कुणी बोलायचंच नाही. मला पहिल्यांदा विचारावंसं वाटलं, पण आता विचारायला कोणी उरलं नाही.” बैठक गप्प झाली.

पण मंडळी, इथेच सावध राहायचं. डोळ्यांत पाणी आलं म्हणजे कादंबरी चांगली, असं नाही. ते पाणी कधीकधी आपलंच असतं. म्हणून पुढच्या महिन्यात आम्ही ती पुन्हा वाचली. मधल्या भागात देवाप्पाचे विचार फिरून फिरून त्याच जागी येतात आणि आमच्यातले निम्मे तिथे कंटाळले. बाकीचे म्हणाले, अहो, नावच ‘रिंगाण’ आहे, फिरणारच. भांडण मिटलं नाही. भाषा कोल्हापूरकडची, आम्हाला सुरुवातीला अडली. मोठ्याने वाचल्यावर सुटली. एका गोष्टीवर मात्र एकमत झालं. म्हैस माणसाला ओळख देत नाही, हे आमच्या कुणाच्याच आठवणीत नव्हतं. आम्ही नेहमी ‘आपण गाव सोडलं’ असं म्हणत आलो. गावानेही आपल्याला सोडलं असेल, हे आम्हाला या कादंबरीने सुचवलं. हे आमचं नव्हतं, कादंबरीचं होतं. म्हणून ती आम्हाला मोठी वाटते, कंटाळ्यासकट.

आता आमच्याकडे एक रीत पडलीय. ‘छान आहे’ म्हणायचं नाही. पुस्तकातली एक जागा दाखवायची जिथे ते जमलं, एक दाखवायची जिथे ढिलं पडलं, आणि लेखक ओळखीचा असेल तर हे त्याच्या तोंडावर बोलायचं, चहाच्या टपरीवर त्याच्या मागे नाही.

याची किंमत असते. आमचा तो लेखक रागावलाय, अजून बैठकीला येत नाही. पण कुणीतरी सांगत होतं की तो हल्ली गडाखालच्या वाड्यांवर जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलत बसतो. तिसरं पुस्तक आलं की आम्ही ते विकत घेऊ, पुरतं वाचू, आणि या वेळी पहिल्याच दिवशी खरं सांगू. एवढं देणं आम्ही त्याचं लागतो.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, आणि पटलं नसेल तर तेही बोला.