नखी आणि अंगठा

कुडवा हे गाव गोंदिया शहराला इतके चिकटून आहे की शहर कोठे संपले आणि गाव कोठे सुरू झाले, हे परक्या माणसाला कोणाला तरी विचारावेच लागते. अशा गावी बसून कोणी जॅझच्या गिटारीवर लिहायला घ्यावे, हे दिवाळी अंकाच्या वाचकाला जरा चमत्कारिक वाटेल. वाटू द्या. हावड्याहून नागपुरावरून मुंबईला जाणारा लोहमार्ग आमच्या गोंदियातून जातो. टेडी वेदरफर्ड नावाचा अमेरिकन पियानोवादक मुंबईच्या ताजमध्ये वाजवून गेला आणि पुढे कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात रमला. 1945 साली तो कलकत्त्यातच वारला. त्या काळात या दोन शहरांच्या हॉटेलांत वाजवणारी गोवेकर मंडळीही ये-जा करीत असणारच, आणि त्यांच्यापैकी एखादा गोंदियाच्या फलाटावर चहा प्याला असेल तर मला नवल वाटणार नाही. तेवढ्या नात्यावर मी हा अधिकार घेतो.

भांडण मात्र घरातले आहे. माझा भाचा गिटार वाजवतो. दिवसा तो एका दुकानात हिशेब लिहितो आणि रात्री जेवणे झाल्यावर गिटार घेऊन बसतो. घर दोन खोल्यांचे. पलीकडच्या खोलीत माझी आई, म्हणजे त्याची आजी, झोपलेली. म्हणून तो नखी बाजूला ठेवून उजव्या हाताच्या अंगठ्याने तारा छेडतो. सवयीने त्याचा हात तसाच बसला. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दंडार असते, नाटके असतात, आणि अलीकडे ऑर्केस्ट्राही असतो. मागल्या वर्षी अशाच एका ऑर्केस्ट्राच्या चालकाने त्याला बोलावले, ऐकले, आणि स्पष्ट सांगितले की नखी धरायची असेल तर ये. अंगठ्याची गिटार ढोलकीच्या मागे कोणाला ऐकू येणार? भाचा घरी आला आणि माझ्याकडे पाहू लागला. घरातला संगीतातला जाणता तो मीच. मी म्हणालो, “तो म्हणतो ते बरोबर आहे. जॅझवाले सगळे नखीनेच वाजवतात.”

“सगळे, मामाजी?” एवढेच तो म्हणाला, आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्या आठ दिवसांत मी माझे म्हणणे सिद्ध करण्यासाठी जुन्या ध्वनिमुद्रिका पुन्हा काढल्या. ते सिद्ध झाले नाही, म्हणून हा लेख.

प्रथम नखी म्हणजे काय ते पाहू. सतारियाची नखी तारेची असते, ती तर्जनीवर चढवतात; सरोदियाचा जवा नारळाच्या करवंटीचा, तो चिमटीत धरतात. गिटारीची नखी त्याच कुळातली, चिमटीत धरायची, तीन कोनांची. पूर्वी ती कासवाच्या कवचाची असे, आता प्लास्टिकची असते. तिचे काम एकच, तार अरुंद आणि कठीण कडेने सोडणे. तार जितक्या अरुंद टोकावरून निसटेल तितके तिच्या मूळ स्वराबरोबर वरचे बारीक उपस्वर अधिक जागे होतात, आणि आवाज टोकदार, झळझळीत निघतो. बोटाचे मांस रुंद आणि मऊ. ते सुटता सुटता त्या बारीक उपस्वरांना दाबून टाकते, आणि उरतो तो गोल, भरलेला आवाज. बोलण्याच्या भाषेत सांगायचे तर नखीच्या स्वराला आरंभी व्यंजन असते, आणि बोटाचा स्वर जवळजवळ स्वरानेच सुरू होतो. सतारिये आपल्या आघातांना ‘दा’ आणि ‘रा’ म्हणतात ते उगीच नव्हे. तंबोऱ्याला कोणी ‘दा-रा’ म्हणत नाही. मिरजेच्या ज्या सतारींना आणि तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या एकाच गल्लीत, एकाच कारागिराच्या हातून तयार होतात. पण सतार नखी मागते आणि तंबोऱ्याला नखी लावली तर गवई उठून जाईल. तंबोऱ्याच्या स्वराला आरंभ ऐकू येता कामा नये. गाण्याचा आरंभ गवयाने करायचा असतो.

मग जॅझच्या गिटारीला नखी का हवी झाली? कारण साधे आहे: ती ऐकूच येत नव्हती. तुतारीच्या जातीची चार-पाच पितळी वाद्ये, तितकेच सॅक्सोफोन, वर ढोल. त्यांच्यामध्ये बसलेल्या बिनविजेच्या गिटारीने काय करावे? पोलादी तारा लावाव्या आणि कठीण नखीने त्या झोडपाव्या. काउंट बेसीच्या वृंदात फ्रेडी ग्रीन 1937 साली आला आणि 1987 साली मरेपर्यंत तेथेच राहिला. अर्धशतक या माणसाने प्रत्येक मात्रेला एक आघात असे चार-चार आघात दिले. त्याची गिटार वेगळी म्हणून फारशी ऐकू येत नाही. वृंदाच्या चालण्यात ती मिसळून गेलेली असते. ही नखी पोटासाठी होती, आणि तिच्यात कमीपणा काही नाही.

पुढे वीज आली. गिब्सन कंपनीची विजेवरची गिटार 1936 साली बाजारात आली, आणि 1939 साली चार्ली ख्रिश्चन नावाचा तेवीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण ती घेऊन बेनी गुडमनच्या वृंदात दाखल झाला. आता मोठा आवाज काढणे हे हाताचे काम राहिले नाही. तरीही ख्रिश्चनने नखी सोडली नाही, आणि येथे माझ्या पहिल्या मताला थोडा आधार मिळतो. त्याला गिटारीतून सॅक्सोफोनची ओळ काढायची होती: एकामागून एक सुटे स्वर, लांब वाक्ये, प्रत्येक शब्द स्पष्ट. 1941 साली मुद्रित झालेली ‘सोलो फ्लाइट’ ऐका. संपूर्ण वृंद मागे उभा आहे आणि एकटी गिटार त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलते आहे. तीत एकही स्वर पुसट नाही. 1942 साली, पंचविसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. नखीची बाजू मांडायला याहून चांगला वकील मिळणार नाही.

आता गंमत पाहा. हीच ‘सोलो फ्लाइट’ ऐकून इंडियानापोलिस गावचा वेस माँटगोमेरी नावाचा एक तरुण वेडा झाला. 1923 चा त्याचा जन्म. लग्न झालेले, दिवसा कष्टाचे काम. ख्रिश्चनची वादने त्याने तबकडीवरून जशीच्या तशी पाठ केली. पण रात्री घरी विजेची गिटार नखीने वाजवू लागला की शेजारपाजारचे कुरकुरत. म्हणून त्याने नखी ठेवून दिली आणि अंगठ्याच्या मांसाने वाजवू लागला. तो वृत्तांत वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून पलीकडच्या खोलीकडे पाहिले. आई घोरत होती.

अंगठ्याने एक हानी होते, ती लपवण्यात अर्थ नाही. नखी खाली जाते तशी वरही येते. अंगठा मुख्यतः खालीच जातो. म्हणजे अर्धी गती गेली. माँटगोमेरीने गेलेल्या गतीची भरपाई दुसरीकडे शोधली. एकच स्वर दोन सप्तकांत, दोन तारांवर, मधली तार डाव्या बोटाने मुकी करून, अंगठ्याच्या एका झोताने वाजवायचा. नखीने हे करता येते, पण नखीची कड दोन तारांवरून जाताना ‘खर्र’ असा आवाज येतो. अंगठ्याखाली ते दोन स्वर एकदम, एखाद्याने दोन गळ्यांनी गावे तसे निघतात. 1960 साली मुद्रित झालेल्या ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार’ या तबकडीतली ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ मी त्या आठवड्यात किती वेळा ऐकली, त्याचा हिशेब नाही. तिची चाल तीनच्या झोक्याची आहे. आधी तो सुटे स्वर घेतो, अगदी साधे, बोलल्यासारखे. त्याचे बोलणे संपत आले असे वाटते तोच दुहेरी सप्तके सुरू होतात, आणि त्याच्याही पुढे भरगच्च स्वरसंघ. ख्यालात आलाप, बोल, तान असे चढत जावे तसे ते चढते, फक्त गती वाढण्याऐवजी दाटी वाढते. मला वाटते ही रचना त्याला अंगठ्याने शिकवली. वेग काढून घेतल्यावर माणूस वजनाकडे वळतो.

अर्थात मी अंगठ्याचाही भाट होणार नाही. 1967 साली निघालेली त्याची ‘अ डे इन द लाइफ’ ही तबकडी लोकांनी उचलून धरली, खूप खपली. तीत व्हायोलिनांच्या गादीवर तीच दुहेरी सप्तके गोड गोड लोळतात. पूर्वी जी चढण चढून मिळत होती ती आता पहिल्या पायरीवरच वाढून ठेवलेली. पुढल्याच वर्षी तो गेला, तेव्हा याहून काही म्हणणे क्रूरपणाचे होईल.

या वादात एक भाबडे मत नेहमी डोकावते, की बोट म्हणजे हृदय आणि नखी म्हणजे यंत्र. जँगो रेनहार्ट हे मत एका तबकडीत मोडून काढतो. 1928 च्या आगीत त्याचा डावा हात होरपळला, दोन बोटे जवळजवळ निकामी झाली; उजव्या हातात नखी. त्या नखीतून जितके रडणे-हसणे बाहेर आले तितके शंभर मऊ बोटांतून येणार नाही. उलट ज्याला एकट्याने खर्ज, स्वरसंघ आणि वरची ओळ अशी तिन्ही कामे करायची आहेत, त्याला एक नखी पुरत नाही. जो पासने 1973 साली ‘व्हर्च्युओसो’ या तबकडीत साथीशिवाय एकट्याने मैफल उभी केली, आणि पुढे वर्षे सरली तसा तो बोटांकडे अधिकाधिक झुकत गेला.

हे सगळे परदेशातले झाले. पण हा प्रश्न आपल्याकडे पूर्वीच, आणि अधिक गंभीरपणे, सोडवला गेला आहे. पनवेलजवळ पळस्पे येथे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचे गुरुकुल होते. त्यांची रुद्रवीणा मोठ्या भोपळ्यांची आणि जाड तारांची, आणि ती ते नखीशिवाय छेडीत. त्यांच्या आलापीत स्वर उमटला केव्हा हे कळतच नाही. तो आधीपासून तेथे होता आणि आपले लक्ष आत्ता गेले, असे वाटते. त्याच काळात उस्ताद असद अली खाँ तीच वीणा खांद्यावर घेऊन नखीने वाजवीत. त्यांचा स्वर पखवाजाच्या बोलासारखा उभा राही. वाद्य एक, परंपरा धृपदाची. डागर 1990 साली गेले, खाँसाहेब 2011 साली. या दोघांपैकी खरी वीणा कोणाची, असे मी कधी कोणाला विचारले नव्हते. मग भाच्याच्या गिटारीबद्दल मी ते इतक्या सहज कसे विचारले? जॅझ परक्यांचे म्हणून त्याचे नियम कडक, आणि आपले ते उदार, अशी काहीतरी गुलामी माझ्या डोक्यात असली पाहिजे.

मुंबईत जन्मलेला गोवेकर कुळातला अमान्शिओ डिसिल्वा याने ती गुलामी केव्हाच झुगारली होती. 1969 साली लंडनला जो हॅरियट या जमैकन सॅक्सोफोनवादकाबरोबर त्याने ‘हम दोनो’ ही तबकडी काढली. तीत ‘बॅलड फॉर गोवा’ आहे. ऐकताना माझे लक्ष उजव्या हाताकडे गेलेच नाही, सुरावटीकडे राहिले. आणि समीक्षकाला याहून मोठी शिक्षा आणि याहून मोठे बक्षीस नसावे. अशी तबकडी आपल्या घराघरांत असायला हवी होती. मराठी घरात गिटार म्हटले की अजून सिनेमातला नायकच आठवतो, त्याला कोण काय करणार?

आता त्या ऑर्केस्ट्रा चालकाविषयी. तो चूक नव्हता. मंडईच्या मोकळ्या मैदानात, ध्वनिक्षेपकांच्या कर्कश भोंग्यांतून, ढोलकी आणि कीबोर्डच्या मधून गिटार पोचवायची तर नखी सोयीचीच. फ्रेडी ग्रीनपुढे जो प्रश्न होता तोच हा. चूक माझी होती. त्याने आपल्या मैदानापुरते सांगितले, आणि मी त्याचा शास्त्रार्थ केला.

आठव्या दिवशी मी भाच्याला ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ ऐकवली. त्याने ती मान खाली घालून ऐकली, दुहेरी सप्तके आली तेव्हा उजवा अंगठा मांडीवर हलला. संपल्यावर म्हणाला, “मामाजी, याच्याही घरी आजी झोपून राहत होती का जी?”

मी म्हणालो, “शेजारी.”

तेव्हापासून एक वर्ष तो मधली तार मुकी करण्याची खटपट करतो आहे. ती सहजासहजी मुकी होत नाही. कधी कण्हते, कधी भलतीच बोलते. याही वर्षी ऑर्केस्ट्राचे बोलावणे आले आहे. धान कापणीला आले आहे, भाऊबीज झाली की मंडया सुरू होतील. चालकाने नखीची अट पुन्हा घातलेली नाही. मागल्या वर्षीचा गिटारवाला सोडून गेला, असे ऐकतो. भाच्याने सदऱ्याच्या खिशात एक निळी नखी ठेवली आहे, ती मी कपडे वाळत घालताना पाहिली. तो कशाने वाजवणार हे त्याने सांगितलेले नाही. मी तिकीट काढून पहिल्या रांगेत बसणार आहे. आईलाही यायचे आहे, तिला रात्रीचे जागरण सोसेल की नाही एवढाच प्रश्न आहे.